कॅट-५ई की कॅट-६?

राउटर हॉलमध्ये, कॉम्प्युटर आतल्या खोलीत. मध्ये कुठली नेटवर्क केबल ओढायची, कॅट-५ई प्रकारची की कॅट-६? कॅट-५ई १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट आरामात नेते, घरगुती प्लॅनला तेवढं पुरतं. कॅट-६ साधारण ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिटही पेलते, पण ती जाड आणि ताठ; जुन्या पाइपच्या वळणावर अडते. भिंतीतून नवं काम करत असाल तर कॅट-६च टाका, पुन्हा भिंत कोण फोडणार? भिंतीवरून केसिंग-पट्टीतून न्यायची असेल तर ५ई बास.

खरी मेख तांब्यात आहे. स्वस्त बंडलात बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी चकाकी दिसली तर घेऊ नका. माझी अशी तार क्रिम्प करतानाच, म्हणजे टोकाला प्लग दाबून बसवतानाच, तुटली होती. शुद्ध तांब्याची ५ई त्या नकली कॅट-६पेक्षा कधीही चांगली.