अलास्कातली डॉल मेंढ्याची गाईडेड शिकार: सात महिन्यांनंतरचा अनुभव

यंदा धुळवडीला फ्रीझरमधलं शेवटचं पाकीट काढलं. खांद्याचं मांस, दीड किलो, वर माझ्याच अक्षरात ऑगस्टची तारीख. हे पाकीट संपेपर्यंत काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. बुकिंगच्या आधी मी अशा सहलींचे अनुभव ढिगाने वाचले होते, पण बहुतेक सगळे परतल्या परतल्या आठवड्याभरात लिहिलेले. तेव्हा माणूस एक तर हवेत असतो, नाही तर चिडलेला असतो. माझं दोन्ही आता ओसरलंय. डावा गुडघा जिना उतरताना अजून दुखतो, क्रेडिट कार्ड फिटलंय, आणि कशाचे पैसे मोजले हे आता नीट कळलंय.

मी 51 वर्षांचा. सिएटलजवळ राहतो, मूळचा संगमेश्वर तालुक्यातला. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. भातात डुकरं शिरली की गाव रान उठवायचं आणि पडलेल्या डुकराचे वाटे घरटी जायचे. हे सगळं मी फक्त ऐकलेलं. इथे मात्र दहाएक वर्षं हरणाची शिकार रीतसर परवान्यावर करतोय. डॉल म्हणजे अलास्काच्या डोंगरांतला पांढरा रानमेंढा; त्याची ही पहिलीच, आणि त्या दोन शिकारींमध्ये नावापलीकडे फारसं साम्य नाही.

आधी गाईड का, ते सांगतो. अलास्काबाहेरच्या माणसाला तिथे डॉल मेंढा, पहाडी शेळी आणि तपकिरी अस्वल यांच्या शिकारीसाठी परवानाधारक गाईड किंवा अलास्कात राहणारा जवळचा नातेवाईक सोबत लागतोच. हा कायदाच आहे. परवाना 160 डॉलर, मेंढ्याचा टॅग, म्हणजे एक मेंढा मारण्याची वेगळी परवानगी, 850 डॉलर, ही सरकारी रक्कम. खरा खर्च गाईड कंपनीचा: मला 24,000 डॉलर पडले, निम्मे वर्षभर आधी. त्यावर छोट्या विमानाचं भाडं, टिप, मांस गोठवून पाठवणं. घरात यावर तीन महिने चर्चा झाली, आणि बायकोने हो म्हटलं ते विमा काढण्याच्या अटीवर. डोंगरातून हेलिकॉप्टरने उचलून आणण्याचा विमा काढाच. मला त्याची गरज पडली नाही, पण पुढे सांगणार आहे त्या नदीकाठच्या रात्री तो खिशात होता याचा मोठा आधार वाटला.

तयारी सात महिने. दर शनिवारी सिएटलजवळचा माऊंट साय डोंगर, पाठीवर आधी 10 आणि मग 25 किलो. चढण सुमारे 960 मीटर, म्हणजे सिंहगडाहून बरीच जास्त. इथे माझी एक चूक झाली. मी चढण्याचा सराव केला, वजन घेऊन उतरण्याचा केला नाही. वर पोहोचलो की पाण्याचे कॅन रिकामे करायचो आणि हलका होऊन उतरायचो, गुडघे जपायला म्हणून. प्रत्यक्ष शिकारीत सगळं वजन उतरतानाच पाठीवर येतं. माझा गुडघा त्या एका चुकीने गेला.

जागा रँगल पर्वतांमधली, रँगल-सेंट इलियास या संरक्षित प्रदेशाच्या प्रिझर्व्ह म्हणवणाऱ्या भागात. राष्ट्रीय उद्यान म्हणून जो भाग आहे तिथे बाहेरच्यांना शिकार बंद, प्रिझर्व्हमध्ये चालते. हंगाम 10 ऑगस्ट ते 20 सप्टेंबर. माझे दहा दिवस 12 ऑगस्टला सुरू व्हायचे होते, प्रत्यक्षात मी 14 ला उडालो. दोन दिवस ढग खाली उतरून बसले आणि आम्ही हँगरच्या पत्र्याखाली कॉफी पीत. विमान सुपर कब: पायलटच्या मागे एकच सीट, फुग्यासारखी जाड चाकं. नदीकाठच्या गोट्यांवर उतरलं आणि दहा मिनिटांत परत गेलं. त्या दिवशी शिकार करता येत नाही. विमानातून उतरलात की दुसऱ्या दिवशी पहाटे 3 पर्यंत थांबायचं, आणि हंगामात विमानातून मेंढे हेरायलाही बंदी. नियम मला आवडला. हवेतून जनावर हेरून शेजारी उतरायचं, यात डोंगराचा संबंधच उरत नाही.

डोंगरातले पहिले चार दिवस थोडक्यात सांगतो. माद्या आणि कोकरं दिसली, नर एकही नाही. त्यातला दीड दिवस पाऊस, तापमान दोन-तीन अंशांवर, दोघं एका तंबूत. ओल्या कपड्यांत दोन अंश हे कोरड्या कपड्यांत बर्फात असण्यापेक्षा वाईट असतं, हे तिथे अंगावर कळलं.

12 तारखेपासून मोजलं तर सातव्या दिवशी दुपारी समोरच्या धारेवर पाच नर दिसले. इथून मी या अनुभवाचे पैसे मोजायला लागतो.

कुठला नर मारता येतो याचा नियम असा: बाजूने पाहिलं तर शिंगाचं टोक पूर्ण 360 अंश फिरून आलेलं हवं, किंवा दोन्ही शिंगांची टोकं तुटलेली हवीत, किंवा वय किमान 8 वर्षं हवं. वय शिंगावरच्या कड्यांवरून मोजतात. दर हिवाळ्यात वाढ थांबते आणि तिथे एक काळसर खाच पडते. आमच्यात आणि त्या नरांमध्ये साधारण 700 मीटर. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे लांबचं निरखायची दुर्बीण, लावला आणि मोठा नर कधी मान वळवतो याची वाट पाहत आम्ही साडेतीन तास सुट्या दगडांच्या ओल्या घसाऱ्यावर पालथे पडून होतो. वाऱ्याने स्कोप थरथरतो, डोळ्यात पाणी येतं, खाच आहे की नुसती सुरकुती ते कळत नाही. मला आठ दिसत होत्या. खरं तर मला आठ हव्या होत्या, म्हणून दिसत होत्या. गाईडने कितीतरी वेळ पाहिलं, वहीत शिंगाचं चित्र काढलं, परत पाहिलं आणि म्हणाला, सात. टोक नाकाच्या रेषेच्या थोडं खाली राहतंय. नाही.

मी वाद घातला. सातवा दिवस, 24,000 डॉलर, पाय सोललेले. त्याने आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला की पुढच्या वर्षी हा चालेल. चुकीचा नर मारला तर मांस आणि शिंगं जप्त, दंड, आणि त्याचा परवाना धोक्यात, हे मला माहीत होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर परवान्याची काळजी नव्हती. त्याला तो नर ओळखीचा होता, मागच्या वर्षीही त्याच धारेवर दिसलेला. रात्री मी तंबूत त्याच्याशी बोललो नाही. आज विचाराल तर या पूर्ण सहलीतली सगळ्यात मोलाची गोष्ट तो नकार होता.

नवव्या दिवशी पलीकडच्या खोऱ्यात एकटा म्हातारा नर मिळाला. एक शिंग टोकाशी झिजलेलं, दुसरं वर्तुळ पूर्ण करून बाहेर वळलेलं. शंकेला जागाच नव्हती. तरी गाईडने पाऊण तास थांबवलं, कारण नर कड्याच्या तोंडाशी उभा होता. तिथून पडला असता तर खाली 200 मीटर कातळ, हाती काही लागलं नसतं. तो चरत सपाटीवर आला. 220 यार्ड, एक गोळी. त्याबद्दल मला याहून जास्त लिहायचं नाही. मी त्याच्या मानेवर हात ठेवून बसलो, अंग अजून गरम होतं, पांढऱ्या केसांत विलोच्या झुडपांची पानं अडकलेली.

तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. काम तिथून सुरू झालं. अलास्कात मांस टाकून शिंगं नेता येत नाहीत. मान, छाती, बरगड्या, पुढचे-मागचे पाय, पाठ, सगळं खाण्याजोगं मांस उचलायचं, आणि शिंगं शेवटच्या ओझ्याबरोबरच हलवायची. हाडं काढून मांस 31 किलो भरलं. वर कातडं, शिंगं, रायफल, सामान. कंपनीने बुकिंगच्या वेळी सोबत एक हमाल-मदतनीस असेल असं सांगितलं होतं. तो आलाच नाही, आणि का नाही ते कुणी सांगितलं नाही. सगळं दोघांच्या पाठीवर. घसाऱ्यावर दर पावलाला अर्धा फूट खाली सरकायचं. सह्याद्रीतल्या नाळा उतरलेल्यांना घसारा माहीत असतो, पण पाठीवर 38 किलो आणि खाली गोठलेली माती असा घसारा मी पहिल्यांदाच पाहिला. एका ठिकाणी गुडघा आत वळला, आवाज मला ऐकू आला.

नदीवर पोहोचलो तेव्हा रात्रीचे अकरा. सकाळी याच जागी घोट्यापर्यंत पाणी होतं. आता मांडीपर्यंत, राखाडी, आणि तळातून दगड घरंगळल्याचा गुडगुड आवाज. हिमनदीच्या पाण्याचं असंच असतं: दिवसभर ऊन लागून बर्फ वितळतो आणि संध्याकाळपासून पाणी चढतं, पहाटे सगळ्यात कमी. पलीकडे 400 मीटरवर आमचा तंबू दिसत होता. कोरडी स्लीपिंग बॅग, गरम सूप. मी थेट म्हणालो, चल, पाच मिनिटांचं काम आहे. गाईड पुन्हा तेच म्हणाला. नाही.

मांस 100 पावलांवर दगडांवर ठेवलं, अस्वलांच्या भीतीने. विलोच्या काटक्यांची जेमतेम आग. सहा तास एकमेकांना पाठ लावून बसलो. दात वाजत होते, मला एकदा भलतीच झोप यायला लागली तेव्हा त्याने हलवून उठवलं आणि साखर खायला लावली. पहाटे पाचला पाणी नडगीपर्यंत आलं होतं. पिशवीचा कमरपट्टा सोडून, प्रवाहाकडे तोंड करून, काठी टेकत आम्ही चार मिनिटांत पार झालो. आदल्या रात्री उतरलो असतो तर काय झालं असतं, याची उजळणी मी सात महिने करतोय.

आता मांसाविषयी. डॉल मेंढ्याला लोकरीचा उग्र वास अजिबात नाही. बकऱ्यापेक्षा सौम्य, चरबी कमी. पहिल्या वेळी मी नेहमीच्या मटणासारख्या शिट्ट्या काढल्या आणि राणेचं मांस चिवट झालं. पाठीचं मांस तव्यावर दोन मिनिटं, बस. राण आणि खांदा मंद आचेवर तीन तास, मग भाजल्या खोबऱ्याचं वाटण शेवटी. आईला रत्नागिरीला फोन केला तेव्हा तिने शिंगांची चौकशी केली नाही. विचारलं, वाटे किती घरांत गेले? अकरा घरांत. त्यातल्या दोन घरांनी नम्रपणे नको म्हटलं, आणि मला ते समजतं.

शिंगं 30 दिवसांच्या आत अलास्काच्या वन्यजीव खात्याकडे दाखवावी लागतात, ते मोजतात आणि शिंगात क्रमांकाची खूण ठोकतात. वय भरलं 9. मुलगा घरी मोजतो तेव्हा आठच येतात, कारण पहिल्या वर्षाची खाच टोकाबरोबर झिजून जाते.

तक्रारी दोन, कंपनीचं नाव घेत नाही. मदतनीस आला नाही ही एक. दुसरी, हवामानात गेलेले दोन दिवस माझ्या दहातून वजा झाले. करारात ते बारीक अक्षरात होतं, फोनवर कुणी बोललं नव्हतं. बुकिंग करणाऱ्याने हे दोन प्रश्न लेखी विचारावेत. आणि मागच्या हंगामात रिकाम्या हाताने परतलेल्या दोघांचे नंबर मागावेत. यशस्वी गिऱ्हाइकांचे नंबर सगळेच देतात. रिकामा आलेला माणूस जर गाईडबद्दल चांगलं बोलला, तर तिथे पैसे भरावेत.

पुन्हा जाईन का? सध्या नाही, आणि कारण गुडघा नाही. गेल्या काही वर्षांत अलास्कात डॉल मेंढ्यांची संख्या बरीच घटली आहे. कडक हिवाळे, बर्फावर पाऊस पडून गोठलेला थर, त्याखालचं गवत मेंढ्यांना खुरांनी उकरता येत नाही. म्हातारा नर मारल्याने कळपाचं फार बिघडत नाही, असा नियमामागचा विचार आहे आणि मला तो पटतो. तरी डोंगरातल्या सगळ्या दिवसांत मला शिकारीजोगा एकच नर दिसला, हेही खरं आहे. कळप सावरेपर्यंत माझा टॅग मी घेणार नाही.

स्पॉटिंग स्कोप मात्र अजून वापरतोय. हिवाळ्यात मुलाला घेऊन चार वेळा याकिमा नदीच्या दरीत गेलो. तिथे बिगहॉर्न या दुसऱ्या जातीच्या रानमेंढ्यांचे कळप रस्त्यावरून दिसतात. पाळीव मेंढ्यांकडून आलेल्या न्यूमोनियाने तिथले कळप पूर्वी पार खचले होते, म्हणून मेंढपाळांचे कळप जवळ येऊ नयेत यासाठी धडपड चालते. मुलगा वही घेऊन बसतो, शिंगाचं चित्र काढतो, खाचा मोजतो. गेल्या रविवारी एका नरावर तो आणि मी अर्धा तास भांडलो. तो म्हणत होता पाच, मी सहा. नर शेवटपर्यंत वळला नाही, आणि आम्ही वहीत दोन्ही आकडे लिहून परत आलो.