हीटर प्लग की डिझेलमधली एअर?

बेळगाव-खानापूरकडे थंडीच्या पहाटे जुनी डिझेल गाडी रुसली, की लोक आधी बॅटरी बदलायला निघतात. सेल्फ जोरात फिरत असेल, तर बॅटरीला कशाला दोष? संशय बहुधा दोघांवर: हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारा प्लग) किंवा डिझेल लाइनमध्ये धरलेली एअर.

हीटर प्लगचं दुखणं थंडीपुरतं. सेल्फ मारून मारून गाडी सुरू होते, पांढरा धूर सोडत थडथडते. तापली की दिवसभर तक्रार नाही. वायर काढून मल्टिमीटर लावा. चांगला प्लग साधारण 1 ओमच्या आसपास दाखवतो. सगळेच चांगले निघाले, तर प्लगला करंट पोचवणारा स्विच, म्हणजे रिले बघा.

एअर मात्र लबाड. गाडी चटकन सुरू होते आणि मिनिटभरात बंद. चढाला तोंड करून रात्रभर लावली, तर डिझेल टाकीकडे परततं आणि सकाळी नुसता सेल्फ फिरतो. फिल्टर आणि इंजिनच्या डिझेल पंपाच्या मध्ये पारदर्शक नळी जोडा. बुडबुडे दिसले, की चोर सापडला. बहुतेकदा फिल्टरचं वॉशर, हँडपंप (हाताने दाबून लाइनमध्ये डिझेल भरायचा छोटा पंप) किंवा तडकलेली रबरी नळी. बाहेर थेंबही गळत नाही, कारण पंप तिथून डिझेल ओढत असतो. म्हणून मेकॅनिकही फसतात.

दोन्ही शंका असतील, तर मी आधी एअर बघेन. प्लग गेला तर सकाळचा खोळंबा. एअरमुळे चोर्ला घाटात इंजिन बंद पडलं, तर ब्रेकही जड होतो.