उजव्या हाताची एअर रायफल डाव्या खांद्यावरून: दिवाळीपासून आतापर्यंतचा अनुभव

उजव्या हाताच्या माणसासाठी बनवलेली ब्रेक बॅरल (नळी मोडून स्प्रिंग ताणायची) एअर रायफल मी आणि माझी भाची, आम्ही दोघी दिवाळीनंतरपासून डाव्या खांद्यावरून चालवतोय. माझं मत आधीच सांगते. रायफल कोणत्या खांद्याला लावायची हे हात बघून ठरवू नका, डोळा बघून ठरवा. रायफल उजवी असल्यामुळे ज्या अडचणी येतात त्यातल्या बहुतेक सुटतात. डोळा चुकीचा निवडला तर मात्र कितीही पेलेट (छर्रे) जाळा, नेम बसत नाही.

मॉडेलचं नाव देत नाही, कारण या अडचणी एका कंपनीच्या नाहीत, उजव्या स्टॉकच्या (खांद्याला लावायच्या दस्त्याच्या) जवळपास सगळ्याच रायफलींना लागू आहेत. आमची देशी, स्प्रिंगवर चालणारी, ४.५ मिमीची आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमी बोअर आणि २० जूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, ही त्यातलीच. जालन्याच्या मोंढ्यात भावाचं आडतीचं गोदाम आहे. सोयाबीनची पोती हलली की तिथे टेप लावून १० मीटर मोजायचे, मागे वाळूची पोती रचायची, पुढे पेलेट अडवायला तिरपा पत्रा. गोदामाचं दार आतून बंद केल्याशिवाय रायफल पेटीतून निघत नाही.

२०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला नेमबाज स्वप्नील कुसाळेला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळालं, तेव्हापासून भाचीने डोकं खाल्लं होतं. ती डावखुरी. मी सगळी कामं उजव्या हाताने करते. तिला आधी जिथे शिकायला पाठवलं तिथे सांगितलं गेलं, "रायफल उजवी आहे, उजवीकडूनच धरायची." पोरीने निमूटपणे धरली. मी शेजारी उभी राहून बघत होते. ट्रिगरवर बोट जाईपर्यंत मान सरळ असायची. मग हळूहळू डोकं स्टॉकवरून पलीकडे झुकायचं, इतकं की नाक स्टॉकच्या वर यायचं. डावा डोळा बॅकसाइटच्या (डोळ्याजवळच्या नेमाच्या खाचेच्या) मागे आणायची तिची धडपड होती ती. विचारलं तर म्हणाली, "आत्या, मला फोरसाइटच्या दोन काड्या दिसायल्यात." फोरसाइट म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची काडी. हे ऐकून कुणालाही वाटेल पोरीला चष्मा लागला. डोळे तपासले, नंबर नव्हता.

घरी करता येईल अशी तपासणी सांगते. दोन्ही हात समोर ताठ करा, तळवे एकमेकांवर ठेवून अंगठ्यांच्या मध्ये छोटी फट राहू द्या. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून लांबचा एखादा खिळा बघा. आता हात न हलवता डावा डोळा मिटा. खिळा गायब झाला तर तुमचा डावा डोळा प्रबळ आहे, दिसत राहिला तर उजवा. तीन-चार वेळा करा, कारण काहींचा कौल बदलतो. भाचीचा डावा निघाला, त्यात नवल नव्हतं. माझाही डावा निघाला! नंबर माझ्या उजव्या डोळ्याला कमी आहे, तरीही. प्रबळ डोळा म्हणजे जास्त चांगलं दिसणारा डोळा असं नाही, नेम धरताना मेंदू ज्याचं ऐकतो तो. साधारण तीन माणसांत एकाचा डावा डोळा प्रबळ असतो, डावखुरे मात्र दहात एक. म्हणजे माझ्यासारखे, हात उजवा आणि डोळा डावा असलेले, बरेच निघतील, आणि त्यातल्या बहुतेकांना ते माहीतच नसतं.

सुरुवातीला मी उजव्या खांद्यावरच राहिले आणि डाव्या डोळ्याचा बंदोबस्त केला. एनसीसीतल्यासारखा डावा डोळा मिटून मारलं. दहा-पंधरा पेलेटनंतर गाल थरथरायला लागतो. शिवाय एक डोळा मिटला की उघड्या डोळ्याची बाहुलीही थोडी मोठी होते आणि फोरसाइटची कड मऊ दिसते. म्हणून डोळा मिटण्यापेक्षा झाकलेला बरा, आणि काळ्या पट्टीने झाकण्यापेक्षा दुधी चिकटपट्टीने. उजेड आत येतो, चित्र येत नाही. चष्म्याच्या डाव्या काचेवर नेम धरताना जिथून नजर जाते तेवढ्याच जागी पट्टी लावली आणि फरक लगेच दिसला. पीप साइटवाल्यांना (खाचेऐवजी बारीक छिद्रातून नेम धरणाऱ्यांना) तर तयार पट्टी मिळते. आंतरराष्ट्रीय नियमांत ती ३० मिमीपेक्षा उंच चालत नाही. ज्यांना खांदा बदलायचाच नाही त्यांनी इथेच थांबायला हरकत नाही, हा चांगला मार्ग आहे. पण ओपन साइटला (आमच्यासारख्या उघड्या खाचेला) माझे फटके तरीही आडवे पसरायचे, दमले की पाचच्या वर्तुळाबाहेर जायचे. भाचीने डावा खांदा घेतला आणि तिचं सुधारलेलं बघून मीही घेतला.

घरात विरोध झाला. मोठ्या जाऊबाईंचं म्हणणं, या वयात हात बदलतो का. हंगेरीच्या कारोली टाकाच यांचं उदाहरण मी त्यांना सांगितलं. १९३८ मध्ये हातबॉम्ब फुटून त्यांचा उजवा हात निकामी झाला. डाव्या हाताने पिस्तूल चालवायला शिकून त्यांनी १९४८ आणि १९५२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णं घेतली. मला तर फक्त ट्रिगरचं बोट शिकवायचं होतं. स्प्रिंग रायफल रिकामी झाडायची नसते, पुढे पेलेट नसेल तर पिस्टन जोरात आपटतो. म्हणून कॉक न करताच (स्प्रिंग न ताणताच) रोज खांद्याला लावायची, गाल टेकवायचा, फोरसाइट स्थिर करायची, खाली घ्यायची. डाव्या बोटाचा अडाणीपणा जायला होळी उजाडली.

आता रायफलबद्दल. सेफ्टी मागच्या बाजूला मध्यभागी आहे, दोन्ही हातांना सारखी. बॅरल मोडून कॉक करायचं काम आता माझ्या उजव्या हाताकडे आलं, आणि जोर त्याच हातात आहे, त्यामुळे मला डावा खांदा उलट सोपा पडला. भाचीला हे जड जातं. ती बसून, बट (स्टॉकचं मागचं टोक) मांडीवर टेकवून बॅरल खेचते. पेलेट घालताना बॅरल दुसऱ्या हाताने धरूनच ठेवायची, यात सवलत नाही. सुटली तर बोट जाईल. एका ओळखीच्यांची पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) रायफलही चालवून पाहिली. तिचा लिव्हर उजव्या बाजूला आहे. टेबलावर टेकवून मारताना डावा हात ग्रिपवर तसाच राहतो आणि उजवा लिव्हर ओढतो, म्हणजे डावऱ्याला पकड सोडावीच लागत नाही. उभं राहून मारताना मात्र तोच उजवा हात रायफल पेलत असतो, तेव्हा हा फायदा संपतो.

खरा त्रास गालाचा. स्टॉकचा उंचवटा डाव्या अंगाला असतो, उजव्या माणसाच्या गालासाठी. डाव्या खांद्यावरून मारताना आपला गाल उजव्या, सपाट अंगावर येतो. टेकायला काही नाही, म्हणून दर फटक्याला वेगळ्या जागी बसतो आणि खाचेत फोरसाइट मध्यावर आणायला मान वळवावी लागते. आधी योगा मॅटचा तुकडा क्रेप बँडेजने बांधला. एप्रिलपर्यंत ठीक चाललं. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात घामाने बँडेज भिजून सरकायला लागलं. मग सुताराकडे गेलो. त्याने भाचीला रायफल धरायला लावून पेन्सिलने गालाची खूण केली, सागाचा पातळ तुकडा तासून उजव्या अंगाला बसवला आणि रेतीकागद मारून सोडून दिला, पॉलिश नाही. पॉलिशवर घामट गाल घसरतो, हे त्याला सांगावं लागलं नाही. स्पर्धेला नेणार असाल तर असा बदल इक्विपमेंट कंट्रोलला (स्पर्धेत साहित्य तपासणाऱ्यांना) आधीच दाखवा.

त्या तुकड्यानंतर माझे बहुतेक फटके आठच्या वर्तुळात, म्हणजे १०.५ मिमीच्या आत, बसायला लागले. भाचीचे माझ्यापेक्षा चांगले. आणखी एक सोय झाली. पूर्वी ती डावीकडून आणि मी उजवीकडून मारायचे तेव्हा दर वेळी बॅकसाइट फिरवावी लागायची, आता एकाच सेटिंगवर दोघींचं भागतं. स्प्रिंग रायफल आवळून धरली की फटका उडतो. डावा हात नवखा असल्यामुळे मी आवळते, अजूनही. पुढचा हात उघडा ठेवून त्यावर ती नुसती विसावू द्यायची, हे भाचीला लवकर जमलं.

नवीन घेणार असाल तर दोन्ही बाजूंनी सारखा स्टॉक असलेली बघा. पूर्ण डावी रायफल स्पर्धेच्या महागड्या वर्गात मिळते, पण पंधरा वर्षांच्या मुलीसाठी तेवढे पैसे आत्ताच घालू नयेत असं माझं मत आहे. हातात आधीच उजवी असेल तर विकू नका, सुतार गाठा. आणि मूल उजव्या खांद्यावर मान आडवी टाकताना दिसलं तर त्याला ओरडण्याआधी फटीतून खिळा बघायला लावा.