दशांश द्यावा की मनाजोगं दान?

भाचीचा पहिला पगार झाला. इंदूरला आमच्या ओट्यावर पाकीट हातात फिरवत तिने विचारलं, "मामा, चर्चला दशांश, म्हणजे पगाराचा दहावा भाग देऊ की मनाला येईल तेवढं?"

भार पाहू. वीस हजारांवर दशांश दोन हजार. भाड्याने राहणाऱ्याला तो जड, भरल्या घराला किरकोळ. मनाजोगं दान ऐपत पाहतं. गरीब विधवेच्या दोन टोल्यांना, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांना, येशूने सर्वांत मोठं दान म्हटलं.

सातत्यात दशांश सरळ पुढे. मनाजोगं दान महिनाअखेरीस राहून जातं.

खरी कसोटी अंतःकरणाची. परूशी, म्हणजे येशूच्या काळातले कर्मठ यहुदी, पुदिना, शेप, जिऱ्याचाही दशांश देत, पण न्याय आणि दया विसरले (मत्तय 23:23). प्रेषित पौल सांगतो, कुरकुरत नको, मनात ठरवून द्या (2 करिंथ 9:7). "दिलंत की दसपट मिळेल" ही आश्वासनं मी धरतच नाही. दीनांना धन्य म्हणताना येशूने नफा कबूल केला नव्हता.

हातात पैसा असेल, सवय लावायची असेल, तर दशांश. कर्ज किंवा आजारपण डोक्यावर असेल, तर मनाजोगं, पण रक्कम आधी ठरवून. सुखवस्तूंनी दशांशावर थांबू नये. श्रीमंत जकातदार जक्कयाने येशूला भेटल्यावर अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली होती. भाचीला मी दशांश सुचवला.