कुत्री कायमची शेल्टरमध्ये की नसबंदी करून परत गल्लीत?
सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीतली सगळी भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा म्हटलं आणि २२ ला तेच बदललं, नसबंदी-लस करून जिथून उचलली तिथेच सोडा, फक्त रेबीजवाली नि चावरी ठेवून घ्या.

कायमचं शेल्टर ऐकायला भारी, पण खाणं, डॉक्टर, साफसफाई आयुष्यभर, त्यात पिंजऱ्यात दाटी झाली की एकाचा डिस्टेंपर (कुत्र्यांचा पसरणारा आजार) सगळ्यांना, आणि कचरा तसाच पडलेला असेल तर रिकाम्या गल्लीत नवीन कुत्री येतातच.

दुसरीकडे आमच्या गल्लीतला काळ्या, कानाला खाच (नसबंदी झाल्याची खूण) पाडून आला, दोन दिवस सुस्त, मग परत रिक्षाखाली. मला हेच पटतं. फक्त एरियातल्या ७० टक्के तरी कुत्र्यांची नसबंदी व्हायला हवी, आणि कुठून उचललं ते लिहून ठेवा राव, नाहीतर परत सोडणार कुठे?