शाळेसाठी घेतलेला पर्जन्यमापक: दोन पावसाळ्यांनंतर

महाड तालुक्यात डोंगरउतारावरच्या एका वाडीत मी शिकवते. जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा, पट एकतीस. 22 जुलै 2021 ला आमच्याच तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली, तेव्हापासून पाऊस लागला की मुलं खिडकीतून डोंगराकडे बघत बसतात. त्यांच्या हाताला काही काम हवं, म्हणून गेल्या वर्षी पालकांच्या वर्गणीतून हा फायबरचा पर्जन्यमापक घेतला.

वस्तू दणकट आहे, नरसाळ्याला अजून तडा नाही. माहितीपुस्तिका मात्र फक्त इंग्रजीत. झाडं-भिंतींपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब बसवायचा असतो. आमच्याकडे तशी जागा खो-खोच्या मैदानाच्या कोपऱ्यातच निघाली. नरसाळ्याचा व्यास 16 सेंमी, म्हणजे 1 मिमी पावसाला साधारण 20 मिली पाणी. मुलांनी औषधाच्या सिरिंजने पाणी ओतून मोजपात्राच्या खुणा तपासल्या. बरोबर आहेत.

खरी अडचण तळातल्या बाटलीची. ती 2 लिटरची, म्हणजे 100 मिमीला भरते. कोकणात हे कसं पुरणार? तळियेची दरड आली त्या 24 तासांत वर महाबळेश्वरात 594 मिमी पडला होता. गेल्या जुलैत एका सकाळी साडेआठला पाहतो तर बाटली भरून वाहिलेली. पाचवीतल्या मुलाने वहीत 100 न लिहिता ‘100 च्या वर’ लिहिलं, याचा मला फार आनंद झाला. आता जोराचा पाऊस असला की रात्रीही बाटली मोजून रिकामी करतो. ते काम शेजारच्या घरातले एक पालक करतात. मुलांना अंधारात बाहेर काढत नाही.

अमुक मिलिमीटरला दरड येतेच, असा आकडा नसतो. हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावं. आमच्या वहीत आकड्याशेजारी आणखी एक रकाना आहे: जमिनीला भेग, कललेलं झाड, गढूळलेला झरा. यंदा सलग तीन दिवस 80 च्या वर आकडे आले आणि वरच्या झऱ्याचं पाणी तांबडं झालं. मुलांनी घरी सांगितलं. वरच्या अंगाची चार घरं दोन रात्री शाळेत झोपायला आली. दरड आली नाही. उगाच आलो, असं एकाही घराने म्हटलं नाही.

घाटाखालच्या शाळांनी जरूर घ्यावा. मागवण्याआधी बाटली किती लिटरची ते विचारा. 5 लिटरच्या खालची घेऊ नका.