नळाच्या पाण्याचं ‘खासगी ऑनसेन’

जपानला आई-वडिलांना किंवा सासू-सासऱ्यांना बोलावणार असाल आणि कुणी ‘फॅमिलीसाठी प्रायव्हेट नॅचरल ऑनसेन, पिकअपसकट, व्हेज जेवणासकट’ असं पॅकेज पुढे केलं, तर पैसे भरायच्या आधी हे वाचा. ऑनसेन म्हणजे झऱ्याच्या नैसर्गिक गरम पाण्याचं जपानी स्नानगृह. टोकियोतल्या भारतीयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या असली पॅकेजं फिरताहेत. आमच्याकडून एकाने ७४,००० येन घेतले, म्हणजे चाळीस हजार रुपयांच्या वर. बदल्यात मिळालं गरम केलेलं नळाचं पाणी.

ही पॅकेजं बरोबर आपल्यासाठी बेतलेली असतात. जपानी सार्वजनिक स्नानगृहात बायकांचा आणि पुरुषांचा भाग वेगळा असतो खरा, पण आत अंगावर कपडा चालत नाही. आधी स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचं, मग टाक्यात उतरून नुसतं बसायचं. छोटा टॉवेल बरोबर नेता येतो, तोही पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. आपल्याकडची सत्तरीची माणसं परक्यांसमोर अशी बसायची नाहीत. मग उरतं ते ‘काशिकिरि’, म्हणजे ठरावीक वेळेपुरतं भाड्याने घेतलेलं बंद खोलीतलं टाकं. लबाडीला जागा मिळते ती तिथेच. मोठ्या टाक्यात दिवसभरात शेकडो जपानी माणसं उतरतात. त्यातली निम्मी जन्मभर ऑनसेनला जात आलेली असतात. तिथे पाण्यात खोट केली तर कुणी ना कुणी बोलेलच. बंद खोलीत टोकियोबाहेर पहिल्यांदाच आलेलं भारतीय कुटुंब काय बोलणार, हा त्यांचा हिशोब.

आई-बाबा दापोलीहून आमच्याकडे, टोकियोतल्या निशी-कासाईला आले होते. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे गरम पाण्याचे झरे म्हटल्यावर दोघंही खूश. ग्रुपवरच्या जाहिरातीत दुधासारख्या पांढऱ्या पाण्याचा फोटो होता आणि खाली इंग्रजीत लिहिलं होतं, ‘ओवाकुदानीच्या ज्वालामुखीचं गंधकाचं दुधाळ पाणी’. दावा उगाच ठोकलेला वाटत नव्हता. ओवाकुदानी हे टोकियोजवळच्या हाकोनेतलं धुमसणारं खोरं आहे, गंधकाच्या गरम पाण्यात उकडलेली काळ्या सालीची अंडी तिथे विकतात. त्या वाफेवर पाणी सोडून ऑनसेनचं पाणी तयार करतात आणि नळांनी सेंगोकुहारा, गोरा अशा वस्त्यांना पुरवतात. सेंगोकुहाराच्या बऱ्याच मुक्कामांत, म्हणजे राहायच्या हॉटेलांत, असं पांढुरकं पाणी खरोखर मिळतं. खोटं बोलणाऱ्याने गृहपाठ केला होता, एवढं मान्य करायला हवं.

दर माणशी १८,५०० येन. पैसे कार्डाने भरल्यावर पावती आली, तिच्यात ‘ऑनसेन टॅक्स १,५०० येन माणशी’ अशी वेगळी ओळ होती. या ओळीवर जरा थांबते, कारण लबाडी ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण आहे. जपानमध्ये ऑनसेनचा स्नानकर असतो, पण तो गावची नगरपालिका घेते. प्रमाण दर माणशी १५० येन. मोजक्या गावांत महागड्या मुक्कामांना जास्त असतो, नुसतं दिवसापुरतं येणाऱ्याला बऱ्याच ठिकाणी १५० हून कमी. दीड हजार कुठेही नाही. ज्याने बरोबर दहा पट लावला, त्याला कर ठाऊक होता. फक्त तो नगरपालिकेकडे जाणार नव्हता.

पिकअप हाकोनेच्या पायथ्याच्या ओदावारा स्टेशनवरून. व्हॅन नवी, आत थंडगार, ड्रायव्हर हसतमुख, बॅगा त्यानेच उचलल्या. नंबरप्लेट मात्र पांढरी. जपानमध्ये भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाडीला हिरवी पाटी लागते, पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी. टॅक्सीचा परवाना नसताना पैसे घेऊन माणसं नेणं इथे बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विम्याचं काय होईल ते देव जाणे. विमानतळावर आपलीच माणसं अशा गाड्या स्वस्त पडतात म्हणून सर्रास घेतात, तो वेगळा विषय.

हाकोने म्हणजे डोंगर. ओदावाराहून निघालं की चढ लागायला हवा. आमची व्हॅन सपाटीवरच वळणं घेत राहिली आणि एका पाचिंको (जुगाराच्या मशीनच्या) पार्लरमागच्या गल्लीत थांबली. दुमजली इमारत, पुढे बांबूचं कुंपण, दारावर स्नानगृहाचा निळा पडदा, अंगणात दगडी कंदील. आत बासरीची रेकॉर्ड लागलेली. दारातल्या माणसाने वाकून नमस्कार केला आणि टॉवेल, युकाता (अंघोळीनंतर घालायचा सुती झगा) व साफसफाईचे म्हणून ८,००० येन रोख मागितले. पॅकेजमध्ये हे सगळं होतं, असं मी फोन काढून दाखवलं. तो नुसताच हसत राहिला. बाबा उभे राहून दमले होते. दिले.

पहिली वेळ आई-बाबांची. आई आत जाऊन दोन मिनिटांत पडद्याआडून हाक मारायला लागली. “अगं, गंधकाचा वास कुठाय? उन्हवऱ्याला एसटीतून उतरल्या उतरल्या नाक धरावं लागतं. इथे तर पावडरीचा वास येतोय.”

उन्हवरे आमच्या दापोली तालुक्यातलंच, गरम पाण्याच्या कुंडांचं गाव. तिथलं पाणी हात घालवत नाही इतकं कढत आणि गंधकाने भरलेलं. आईचं अख्खं बालपण त्या वासात गेलंय. आता, वास नाही म्हणजे खोटं असा नियम नाही, हेही सांगते. हाकोने-युमोतोचं बरंचसं पाणी स्वच्छ, बिनवासाचं असतं आणि तरी शंभर टक्के अस्सल. पण इथे जाहिरात गंधकाची होती, पाणी दुधाळ होतं आणि वास येत होता लहान बाळांच्या टाल्कम पावडरचा.

मी आत गेले. टाकं हिनोकी लाकडाचं म्हणून सांगितलेलं. कडेला नख लावलं तर लाकडाच्या नक्षीची प्लास्टिकची पट्टी सुटून वर आली, खाली पांढरं फायबर. तळाच्या कोपऱ्यात न विरघळलेले पांढरे दाणे साचले होते, बोटाने चिरडले की ढग उठायचा. आणि भिंतीवर, टॉवेल टांगायच्या हुकाच्या वर, बॉयलरचा पॅनेल. हिरव्या आकड्यांत ४२. तेवढ्यात त्याने टुणटुण वाजवून बाईच्या आवाजात जाहीर केलं, ‘ओफुरो गा वाकिमाशिता’. अंघोळीचं पाणी तापलं. जपानमधल्या असंख्य घरांत हीच धून वाजते. निशी-कासाईच्या आमच्या फ्लॅटमध्ये रोज रात्री जेवण आटपल्यावर हीच बाई हेच सांगते. ज्वालामुखीचं पाणी बॉयलरच्या बटणावर तापत नाही.

बॉयलर असणं हा गुन्हा नाही, हे जपानी माणूस तुम्हाला लगेच सांगेल. झऱ्याचं पाणी कोमट असलं तर तापवतात, फार गरम असलं तर साधं पाणी मिसळतात. अनेक चांगल्या मुक्कामांतही खोलीतल्या टाक्यात साधंच पाणी असतं आणि ते तसं छापलेलं असतं. प्रश्न सांगण्याचा आहे. १९४८ च्या ऑनसेन कायद्यानुसार जमिनीतून वर येणारं पाणी २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम हवं, नाहीतर ठरवून दिलेल्या १९ द्रव्यांपैकी किमान एक तरी त्यात ठरावीक प्रमाणात हवं. ते लोकांना वापरू द्यायला प्रांताची परवानगी लागते. पाण्याचा पृथक्करण-अहवाल दिसेल अशा जागी लावावा लागतो. २००५ पासून तर पाणी मिसळलंय का, तापवलंय का, गाळून फिरवलंय का, त्यात काही घातलंय का, हे चारही सांगावं लागतं.

ही २००५ ची सुधारणा उगाच आली नाही. २००४ मध्ये नागानो प्रांतातल्या शिराहोने ऑनसेनमध्ये, जिथलं पाणी दुधासारखं म्हणून देशभर नावाजलेलं, सार्वजनिक उघड्या टाक्यात पांढरेपणा कमी पडतो म्हणून अंघोळीची पावडर टाकली जात होती, हे उघडकीला आलं. मग ठिकठिकाणी तपास सुरू झाला आणि नळाचं पाणी ऑनसेन म्हणून खपवणारी आणखी ठिकाणं बाहेर पडली. जपान्यांच्या दृष्टीने ही बारीक गोष्ट नव्हती. लोक कित्येक वर्षं श्रद्धेने जात होते. म्हणजे आमच्या टाक्यातला पावडरीचा प्रयोग जुनाच. फरक इतकाच, की शिराहोनेला निदान मूळ पाणी झऱ्याचं तरी होतं.

माझ्या नवऱ्याला कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, वाचता येतात. त्याने दारातल्या माणसाकडे अहवाल मागितला. माणसाने कॉरिडॉरमधली एक चौकट दाखवली, शिक्क्यांसकट, एकदम सरकारी. नवऱ्याने शांतपणे वरची ओळ वाचली. झऱ्याचा पत्ता गुन्मा प्रांतातला. हाकोने कानागावा प्रांतात आहे. माणसाचं हसू गेलं. “इथे ऑनसेन आहे असं आम्ही कुठे म्हटलंय?” तो म्हणाला. खरंच, पावतीवरच्या जपानी मजकुरात नुसतं ‘स्नानाचा अनुभव’ होतं. नॅचरल, ज्वालामुखी, गंधक हे सगळं फक्त इंग्रजीत. जपानी वाचणारा ग्राहक त्यांना नकोच होता.

व्हेज जेवणाचं एका वाक्यात सांगते. कोन्बिनीतले, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातले ओनिगिरी (भाताचे गोळे), रॅपरवरची किंमत खरवडलेली, आणि सुक्या बोनितो माशाच्या दाशीतलं मिसो सूप.

एक गोष्ट मात्र पैशांहून मोठी आहे. टाक्याचं पाणी शेवटचं कधी बदललं, हे तिथे कुणालाच सांगता आलं नाही. २०२३ मध्ये फुकुओका प्रांतातल्या एका जुन्या, नावाजलेल्या मुक्कामात आठवड्याला बदलायचं पाणी वर्षातून दोनदाच बदलत होते, असं निघालं. तिथे लेजिओनेला हे जंतू मर्यादेच्या ३,७०० पट सापडले. पाण्याच्या बारीक तुषारांबरोबर ते फुप्फुसात जातात आणि म्हाताऱ्या माणसांना न्यूमोनिया होऊ शकतो. परवानगी असलेल्या, तपासणी होणाऱ्या ठिकाणी ही गत असेल, तर गल्लीतल्या टाक्याचं काय? बाबांना त्या दिवशी मी पाण्यात उतरू दिलं नाही. ते रागावले. “इतके पैसे भरलेत, पाय तरी बुडवू दे,” म्हणाले. बुडवू दिले नाहीत.

पैसे परत कसे मागितले, ते सांगते. जपानमध्ये ग्राहक तक्रारीसाठी १८८ हा नंबर आहे, तो तुमच्या भागातल्या ग्राहक केंद्राला जोडून देतो. पर्यटकांसाठी राष्ट्रीय ग्राहक केंद्राची वेगळी फोनसेवा आहे, तिथे इतर भाषांतही बोलता येतं. केंद्रातल्या बाईंनी आधी एक गोष्ट स्पष्ट केली: ऑनलाइन खरेदीला इथे कूलिंग-ऑफ नाही, म्हणजे ‘आठ दिवसांत रद्द’ हा हक्क घरी येऊन विकणाऱ्यांना लागू आहे, वेबसाइटला नाही. मग त्यांनी विचारलं, पानावर विक्रेत्याचं नाव, पत्ता, फोन आहे का? कायद्याने ऑनलाइन विकणाऱ्याला ते द्यावं लागतं. नव्हतं. प्रवास-व्यवसायाचा नोंदणी क्रमांक? तोही नव्हता. सगळे स्क्रीनशॉट, पावतीवरची कराची ओळ, गुन्मावाल्या चौकटीचा फोटो आणि पॅनेलचा व्हिडिओ जोडून कार्ड कंपनीकडे आक्षेप नोंदवायला त्यांनी सांगितलं. व्हिडिओ काढताना मला जरा वेडगळ वाटलं होतं, पण कार्ड कंपनीने त्याचीच दखल घेतली. ७४,००० परत आले. रोख दिलेले ८,००० गेले ते गेले, त्याची पावतीच नव्हती. कोबानमधल्या (छोट्या पोलीस चौकीतल्या) पोलिसाने फार आदराने ऐकून घेतलं, लिहून घेतलं आणि पुढे काही झाल्याचं कळलं नाही.

बाबांना नंतर कामाताला नेलं. टोकियोच्या ओता वॉर्डात जमिनीखालून कोकसारखं काळं पाणी येतं, कुरोयु म्हणतात. तिथली काही साधी मोहल्ल्यातली सेंतो, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहं, तेच पाणी वापरतात. सेंतोचं तिकीट टोकियो सरकार ठरवतं, २०२४ मध्ये ते ५५० येन झालं. अहवाल भिंतीवर, चारही गोष्टी लिहिलेल्या. बाबा नवऱ्याबरोबर गेले आणि बाहेर आल्यावर तासभर त्याच विषयावर बोलत होते. आई नाही गेली. तिला ते उघडं बसणं काही पटलं नाही, आणि मी आग्रह केला नाही.

काशिकिरि हवंच असेल, तर थेट मुक्कामाच्या जपानी पानावर बुक करा. नाही वाचता आलं तर भाषांतर करून घ्या, पण मूळ जपानी मजकुराचंच. आणि एकच प्रश्न लेखी विचारा: या विशिष्ट खोलीतलं पाणी ऑनसेन आहे का? मोठ्या टाक्याचं नाही, याच खोलीचं. चांगला मुक्काम ‘नाही, साधं पाणी आहे’ असंही सरळ कळवतो. आम्हाला एका ठिकाणाहून असंच उत्तर आलं, माफीसकट.

ग्रुपवर परवा आमचंच पॅकेज पुन्हा आलंय. या वेळी हाकोनेच्या जागी इझू, दर १९,८००, पाणी ‘रेशमासारखं’. फोटो त्याच खोलीचा. भिंतीवरचा पॅनेल कापायचा राहून गेलाय, झूम केलं तर ४२ वाचता येतं.